शेवटचा रकाना

साताऱ्याच्या आरटीओ कचेरीबाहेर लिंबाखाली एजंटाचं टेबल आहे. टेबलावर गोंदाची बाटली, फोटो कापायची कात्री, स्टॅम्प पॅड, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबलेले कोरे फॉर्म. सकाळचे अकरा वाजताहेत. दादाचं ट्रान्सपोर्टचं लायसन्स दोन महिन्यांनी संपतंय, म्हणून आम्ही आलो आहोत. पूर्वी ते तीन वर्षांनी नवं करावं लागायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं मिळतं. म्हणजे आज या कागदावर जे लिहिलं जाईल, त्याच्या भरवशावर दादा पाच वर्षं गाडी चालवणार आहे.

एजंट दादाला काही विचारत नाही. त्याचं पेन नमुना एकवरून सरसर खाली उतरतं. कुठे ‘होय’ आणि कुठे ‘नाही’, हे त्याला पाठ आहे. फेफरं किंवा भोवळ येऊन शुद्ध हरपते का? नाही. लख्ख उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? होय. हातापायात अधूपण? नाही. तांबडा-हिरवा रंग ओळखता येतो? होय. रातांधळेपणा? नाही. हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा? नाही. आणि सगळ्यात खाली शेवटचा रकाना: तुमच्या गाडी चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का, असल्यास तपशील द्या. नाही. पेन तिथेही थांबत नाही.

मी दादाकडे बघते. तो बाकावर बसल्याबसल्या झोपलाय. मान छातीवर पडलीय. घोरणं चढत जातं, चढत जातं आणि एकदम बंद पडतं. मी मनात मोजायला लागते. एक, दोन, तीन... चौदा. मग पाण्यात बुडणारा माणूस वर यावा तसा तो घशातून मोठा आवाज करत श्वास ओढतो. डोळे मिटलेलेच. शेजारी बसलेला रिक्षावाला म्हणतो, “नाइट मारून आलेत वाटतं. कसली गाढ झोप लागलीय बघा.” त्याची चूक नाही. घोरणं म्हणजे गाढ झोप, असंच आपण सगळे समजत आलो. आमच्या घरात गेली दहा वर्षं दादाला कुंभकर्ण म्हणतात. मीही म्हटलंय. आज त्या शब्दाची लाज वाटते.

दुसरा कागद नमुना एक-अ. तो डॉक्टरांनी भरायचा. मागच्या गल्लीत दवाखाना आहे, दारात पंधरा-वीस ड्रायव्हर कागद घेऊन उभे. आमचा नंबर येतो. डॉक्टर डोळ्यांचा तक्ता दाखवतात, हात वर करायला लावतात, बीपी बघतात. “काही त्रास?”

“न्हाई.”

शिक्का. सही. दोन मिनिटांत आम्ही बाहेर. मी पायरीवर उभी राहून दोन्ही कागद वाचते. फेफरं, भोवळ, डोळे, कान, सगळ्यांची विचारणा आहे. ‘झोप’ हा शब्द शोधते. सापडत नाही. मी दोन्ही कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवते आणि दादाला सांगते, “आज आपण हे भरायचं नाही.”

“अगं, येडी का तू? सही-शिक्का झालाय सगळा.”

“माहीत आहे. तरी नाही.”

तो माझ्याकडे बघत राहतो. मग नजर खाली घालतो. गेल्या गुरुवारची रात्र त्यालाही आठवतेय.

त्या रात्री कोल्हापूरहून गुळाच्या भेली भरून दादा पुण्याला निघालाय. मला सकाळी पुण्यात शाळेच्या प्रशिक्षणाला पोचायचंय, म्हणून पहाटे साडेतीनला वाढे फाट्यावर मी केबिनमध्ये चढते. क्लीनर मागच्या बाकड्यावर पांघरूण घेऊन पडलाय. आनेवाडीचा टोलनाका मागे पडतो. दादा लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल बोलतोय. “तिला म्हटलं, सायन्स घे, पण...” आणि वाक्य तिथेच राहतं. मला वाटतं, विचार करतोय. समोरच्या दिव्यांच्या उजेडात त्याचे डोळे उघडे दिसतात. गाडी हळूहळू डावीकडे सरकते. पांढरी पट्टी चाकाखाली जाते, खडी कडाकडा वाजते. मी किंचाळते, “दादा!”

तो स्टिअरिंग सावरतो. “काय झालं?”

“झोपला होतास तू!”

“न्हाई गं. जागाच हाय की.”

तो खोटं बोलत नाहीये, हे मला त्याच्या आवाजावरून कळतं आणि अंगावर काटा येतो. त्याला खरंच माहीत नाही. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला सोळा मीटरहून जास्त रस्ता कापते. पाच सेकंदांत ऐंशी मीटर. तेवढा रस्ता दहा चाकांची लोडगाडी ड्रायव्हरविना धावलीय. पुढे अर्ध्या तासावर खंबाटकीचा बोगदा आहे, आणि बोगदा संपला की उताराचं ते एस आकाराचं वळण. आजवर त्या वळणानं किती गाड्या घेतल्या, हे या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भुईंजला मी त्याला गाडी थांबवायला लावते. उजाडेपर्यंत आम्ही चहाच्या टपरीवर बसून राहतो.

कागद न देताच आरटीओतून परतलो, आणि आता पुण्यातल्या छातीविकाराच्या डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलोय. दादा, वहिनी आणि मी. वहिनींनी पिशवीतून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढलाय. सहा वर्षांत तीन डॉक्टर झाले. एकांनी बीपीची गोळी दिली, मग तिच्या जोडीला दुसरी. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हटल्यावर दुसऱ्यांनी साखर तपासली, ती निघाली नाही. “झोप नीट होत नाही,” असं दादानं सांगितल्यावर तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. प्रत्येकानं सांगितलं तेवढंच ऐकलं, आणि दादानं विचारलं तेवढंच सांगितलं.

डॉक्टरबाई सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर शेजारीशेजारी मांडतात. “हे तीन आजार नसतील,” त्या म्हणतात, “एकाच आजाराच्या तीन खुणा असाव्यात. झोपेची गोळी मात्र आजपासून बंद. घशाचे स्नायू आधीच सैल पडताहेत, त्या गोळीनं ते आणखी सैल पडतात.” त्या टेप घेऊन दादाची मान मोजतात. ४३ सेंटीमीटर. चाळीसच्या पुढे गेली की त्या सावध होतात. मग आ करायला, जीभ बाहेर काढायला लावतात. “पडजीभ दिसतच नाही. झोपेत स्नायू ढिले पडले की हवेची वाट मिटते. छाती श्वास घ्यायला धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जाग आणतो. माणसाला ती जाग आठवत नाही. रात्रभर हेच. सकाळी उठतो तो न झोपल्यासारखा.”

मग एक कागद. एपवर्थची प्रश्नावली. मेलबर्नच्या मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली. आठ प्रसंग दिलेत; प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन. दहाच्या वर बेरीज गेली तर दिवसाची झोप जास्त आहे असं समजायचं. बसून वाचताना? दादा म्हणतो, “आपण कुठं वाचतोय?” शून्य. टीव्ही बघताना? एक. कोणाशी बसून बोलताना? शून्य. गाडी रहदारीत काही मिनिटं थांबल्यावर? “शून्य,” दादा चटकन म्हणतो. इतकं चटकन की डॉक्टरबाई पेन खाली ठेवतात. बेरीज पाच.

“आता वहिनींना विचारते,” त्या म्हणतात, आणि प्रश्नही बदलतात. वाचताना नाही, मार्केट यार्डात गाडी खाली होण्याची वाट बघताना? टीव्हीसमोर नाही, जेवण झाल्यावर धाब्याच्या बाजेवर? वहिनी आधी दादाकडे बघतात. मग पदर सावरून बोलायला लागतात. तीन. तीन. “ताटावर बसल्याबसल्या हातात घास तसाच असतोय आणि डोळा लागतोय, बाई. फाटकासमोर गाडी उभी केली की गाडीतच झोपत्यात. मीच जाऊन उठवते. आणि रात्री श्वास बंद पडला की मी पाठीवर थापा मारते. बारा वर्षं झाली, मी तरी कुठं झोपलेय?” बेरीज एकोणीस.

खोलीत कोणी बोलत नाही. दादा वहिनींकडे बघतोय. हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलंय.

मग तो खुर्चीत पुढे सरकतो आणि ज्या प्रश्नासाठी सहा वर्षं गप्प राहिला तो विचारतो. “मॅडम, हे लायसन्सच्या कागदावर येणार का?”

मी श्वास रोखते. या एका वाक्यात त्याचा सगळा संसार आहे. पतपेढीचा हप्ता, लेकीची फी, आईचं औषध. डॉक्टरबाई म्हणाल्या, “येणार,” तर हा उठून जाईल आणि पुन्हा कधी कुठल्या डॉक्टरला खरं सांगणार नाही. आणि “काळजी करू नका, नाही येणार,” असं म्हणाल्या, तर खंबाटकीचं वळण तिथेच आहे.

डॉक्टरबाई घाई करत नाहीत. “मी तुमच्या पाठीमागे कुठे पत्र पाठवणार नाही. पण तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा शब्द मला आज द्या. लागू पडला की मीच लिहून देईन, हा माणूस गाडी चालवायला योग्य आहे म्हणून. हा आजार असा आहे की त्यावरचा इलाज पहिल्या रात्रीपासून काम करू शकतो. ब्रिटनमध्ये या आजारानं दिवसा झोप अनावर होत असेल, तर लायसन्सच्या कार्यालयाला कळवावंच लागतं. गाडी थांबवावी लागते. पण झोप ताब्यात आली की परत चालवता येते. तिथल्या माणसाला परतीची वाट आधीच दिसते, म्हणून तो कळवतो. आपल्या कागदावर ती वाट लिहिलेली नाही. म्हणून ती मी तुम्हाला तोंडानं सांगतेय.”

दादा बराच वेळ हाताच्या घट्ट्यांकडे बघतो. मग म्हणतो, “दिला शब्द.”

रात्रीचे अकरा. रुग्णालयातल्या झोपेच्या खोलीत दादा पलंगावर आडवा झालाय. डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना तारा चिकटवल्यात. छातीवर आणि पोटावर पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. “लोड बांधल्यावाणी बांधलंय मला,” तो म्हणतो. दिवा मालवतात. शेजारच्या खोलीत पडद्यासमोर तंत्रज्ञ मुलगा बसलाय. नियमात बसत नसतानाही तो मला आणि वहिनींना थोडा वेळ थांबू देतो.

पडद्यावर रेघा धावताहेत. वरच्या मेंदूच्या, मधली नाकातल्या हवेची, खालच्या छातीच्या आणि पोटाच्या. घोरणं सुरू होतं. मग नाकाची रेघ सपाट होते. छातीची रेघ मात्र उसळत राहते, दार लागलेल्या खोलीत माणूस धडका देत असावा तशी. “दहा सेकंदांहून जास्त थांबला की आम्ही मोजतो,” मुलगा हळू आवाजात सांगतो. बारा. वीस. एकतीस. कोपऱ्यातला आकडा उतरतोय. ९४, ८८, ८१, ७६. वहिनींचा हात नकळत पुढे जातो, जणू काचेतून दादाच्या पाठीवर थाप मारणार आहेत. मग मोठा ओढलेला श्वास, सगळ्या रेघा एकदम विस्कटतात, आकडा वर चढतो. अर्धं मिनिट जात नाही तोच नाकाची रेघ पुन्हा सपाट.

दोन तासांनी मुलगा हिशेब करतो. तासाला ५४ वेळा. तीसच्या पुढे गेलं की तीव्र म्हणतात. मी मनात गुणाकार करायला लागते आणि सोडून देते. किती वर्षं, किती रात्री, आणि त्यातल्या प्रत्येक रात्रीनंतरचा दिवस स्टिअरिंगवर.

दीड वाजता तो आत जाऊन दादाच्या नाकावर मास्क बसवतो. मास्कला नळी, नळीला छोटं यंत्र. सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेली युक्ती: हवेच्या मंद दाबानं घशाची वाट उघडी धरून ठेवायची. इथे चाकू नाही, गोळी नाही, फक्त हवा आहे. तंत्रज्ञ बाहेर बसून दाब एकेक टप्प्यानं वाढवतो. सहा. आठ. दहा. अकरावर घोरणं थांबतं.

वहिनी दचकून उभ्या राहतात. “श्वास बंद पडला!”

“नाही, वहिनी. बघा.” मुलगा बोट दाखवतो. नाकाची रेघ वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते. समईच्या ज्योतीसारखी एकसारखी. आकडा ९६ वर स्थिर. बारा वर्षांत त्यांनी नवऱ्याचा शांत श्वास ऐकलेला नाही, म्हणून शांततेचीच त्यांना भीती वाटली. त्या पुन्हा खाली बसतात आणि पदर तोंडाला लावून रडायला लागतात. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहते. पंधरा मिनिटांनी बघते तर वहिनी खुर्चीतच झोपल्यात.

सकाळी सहाला तारा काढताना दादा विचारतो, “किती वाजले?” मग म्हणतो, “रात्री उठलो न्हाई मी एकदा पण.” आणि गप्प बसतो. थोड्या वेळानं पुन्हा बोलतो. “हे आसं असतंय होय, झोप झालेलं?”

घरी यंत्र आलंय. चाळीस हजारांच्या घरातली किंमत पतपेढीच्या कर्जातून भागवलीय. शेठचा फोन येतो, “गाडी महिनाभर उभी ठेवू का मी?” दादा सांगतो, “बदली ड्रायव्हर घाला. महिन्यानं येतो.” फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरलेला असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम सांगितलं होतं. भाड्याचा माल वेळेत पोचवायची घाई मात्र रोजची आहे. आपल्याकडे म्हणतात, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दमलेल्याला दगडावरही झोप लागते, हे खरं. पण लागलेली झोप झोपच आहे की नाही, हे या म्हणीनं आपल्याला कधी विचारू दिलं नाही.

पहिल्या चार रात्री दादा झोपेत मास्क काढून फेकतो. नाक सुकतं, गालावर वळ उठतात. पाचव्या रात्री तो टिकतो. आई खाटेवर बसून दासबोध वाचते. त्यात अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा अख्खा समास आहे, समर्थांनी झोपलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा सांगितल्यात. पुस्तक मिटून ती म्हणते, “घोरणं त्यांनीपण ऐकलं होतं बघ. आपणच त्यात काय अडकलंय ते ऐकलं न्हाई.”

आणि एक गोष्ट घडते जी मला अपेक्षित नाही. अंधार पडल्यावर गल्लीतले दोन ड्रायव्हर येतात. आधी पावसाबद्दल बोलतात, मग डिझेलबद्दल. मग त्यातला एक हळूच विचारतो, “ते मशीन दाखव की.” दुसरा दारातच उभा राहून म्हणतो, “माझं पण आसंच होतंय. पण हे लिहून द्यावं लागतं का रं?” दादाचाच प्रश्न. सगळ्या महामार्गावर हाच प्रश्न गप्प बसून गाडी चालवतोय.

महिन्यानं डॉक्टरबाई यंत्रातलं कार्ड वाचतात. तीस रात्रींपैकी सव्वीस रात्री चार तासांहून जास्त वापर. श्वास अडकणं तासाला ५४ वरून तीनवर. बीपीची एक गोळी कमी होते. आता त्या पुन्हा एपवर्थचे आठ प्रश्न विचारतात, पण यावेळी दोघांना वेगवेगळं बसवून. दादाचे सहा, वहिनींचे सात. “आता दोघांचा हिशेब जुळला,” त्या म्हणतात आणि दाखला लिहायला घेतात.

साताऱ्यात पुन्हा तेच लिंबाचं झाड, तेच टेबल. मी पर्समधले जुने दोन्ही कागद काढून फाडते. एजंट चकित होतो. “अहो ताई, शिक्का होता त्यावर!” तो नवा फॉर्म ओढतो, पेन सरसर उतरू लागतं. शेवटच्या रकान्याशी दादा त्याच्या मनगटावर हात ठेवतो.

“थांब. हितं मी लिहितो.”

“दादा, कशाला उगाच? ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा. आत साहेब चार प्रश्न विचारतील.”

“विचारू दे.”

दादाचं अक्षर मोठं आणि सुटं आहे, बिल्टीवर सह्या करून करून घडलेलं. तो वेळ घेऊन लिहितो: होय. झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. रोज मशीन लावून झोपतो. डॉक्टरचा दाखला जोडला आहे. जागा पुरत नाही, शेवटचे दोन शब्द समासात जातात. आरोग्याच्या कागदावर जो ‘झोप’ शब्द कुठेच छापलेला नव्हता, तो आता निळ्या शाईत तिथे आहे.

खिडकीतला माणूस कागद उलटसुलट करतो, दाखला वाचतो, पुन्हा शेवटचा रकाना वाचतो. “बसा बाहेर. साहेबांना दाखवतो.”

आम्ही बाकावर बसतो. आत काय ठरेल, ते आम्हाला माहीत नाही. मला एवढंच वाटतं, अगदी पोटातून वाटतं, की या रकान्यात खरं लिहिणाऱ्या माणसाची चूल विझता कामा नये. तो खरं लिहितो तेव्हा समोरून येणाऱ्या एसटीतल्या पन्नास माणसांचीही काळजी घेत असतो. त्याला विचारा: इलाज काय चाललाय, यंत्र किती रात्री लावलंस, पुढची तपासणी कधी? आणि ‘झोप’ हा शब्द फॉर्मवर छापा, म्हणजे डॉक्टरलाही तो विचारावा लागेल.

दुपारचे दोन वाजलेत. ऊन पत्र्यावर तापलंय. बाकावरचे सगळे पेंगताहेत. शेजारच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरची मान दादाच्या खांद्यावर कलंडलीय. तो घोरतोय. घोरणं चढतं, चढतं आणि थांबतं. दादा ताठ बसलाय, डोळे टक्क उघडे. त्याचे ओठ हलताहेत. मी कान देऊन ऐकते. तो मोजतोय. नऊ, दहा, अकरा. बाराला तो म्हाताऱ्याच्या पाठीवर हलकेच थाप मारतो आणि विचारतो, “काका, घरी कोण हाय तुमच्या? रात्री तुमचा श्वास कोण ऐकतंय?”